संगणकाचं बारसं

बालमित्रांनो, तुमच्या वर्गात एकाच नावाची दोन मुलं आहेत का? बहुतेक वर्गांत असतातच. बाईंनी "आदित्य, फळा पूस" असं म्हटलं, की दोघंही उठतात. नाहीतर दोघंही एकमेकांकडे बघत बसून राहतात! मग बाई काय करतात? आडनाव घेतात, किंवा सरळ हजेरी क्रमांक पुकारतात. नावं सारखी असू शकतात, पण एका वर्गात एक हजेरी क्रमांक एकाच मुलाचा.

संगणकांच्या वर्गातही हाच नियम चालतो. तारेनं किंवा वाय-फायनं एकमेकांना जोडलेल्या संगणकांच्या जाळ्याला नेटवर्क म्हणतात. या जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला एक नाव असतं आणि एक क्रमांक असतो. नावाला म्हणतात होस्टनेम आणि क्रमांकाला म्हणतात आयपी ॲड्रेस. नाव आपल्यासाठी, कारण माणसांना नावं लक्षात राहतात. क्रमांक यंत्रांसाठी, कारण यंत्रांना आकडे सोपे जातात.

या दोघांचा गोंधळ झाला, तर धडधाकट संगणकसुद्धा 'बिघडला' म्हणून कोपऱ्यात जाऊन बसतो. शाळेत दुरुस्तीला पैसे नसले, तर संगणक कक्षाला चक्क कुलूप लागतं. आणि खरं म्हणजे आत काहीच मोडलेलं नसतं! म्हणून हा गोंधळ ओळखायचा कसा आणि निस्तरायचा कसा, ते आज पाहू या.

उदाहरणासाठी आपण लिनक्स घेऊ. संगणकाचा सगळा कारभार पाहणारी जी मुख्य प्रणाली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. लिनक्स ही तशीच एक प्रणाली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली ती लिहायला घेतली. ती फुकट मिळते, जुन्या संगणकावरही चालते आणि तिच्या आत काय आहे ते कुणालाही उघडून पाहता येतं. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेनं 'बॉस' नावाची लिनक्सची आवृत्ती तयार केली आहे.

पनवेल म्हणजे ४१०२०६

पण आधी जरा पोस्टात जाऊन येऊ.

आपल्या महाराष्ट्रात वडगाव किती आहेत? पिंपळगाव किती? मोजता मोजता दमाल! त्यात कुणी पत्ता मराठीत लिहितो, कुणी इंग्रजीत, कुणी तमिळमध्ये. कुणाचं अक्षर म्हणजे तर मुंग्यांची रांग. मग पत्र नेमकं कुठं पाठवायचं? यावर तोडगा काढला एका मराठी माणसानं. त्यांचं नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. ते केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. त्यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली.

पनवेलचा पिनकोड आहे ४१०२०६. यातला पहिला ४ सांगतो, की पत्र देशाच्या कुठल्या विभागात जायचं. पहिले तीन आकडे मिळून सांगतात, की टपालाची वर्गवारी कुठल्या जिल्ह्यात होणार. शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस दाखवतात. म्हणजे आकडा डावीकडून वाचत गेलं, की आपण लांबून जवळ येत जातो.

आयपी ॲड्रेसही बराचसा असाच असतो. त्यात चार आकडे असतात आणि मध्ये टिंबं असतात. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०. यातला प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. शाळेच्या साध्या नेटवर्कमध्ये बहुधा पहिले तीन आकडे सगळ्या संगणकांचे सारखे असतात. ते झालं जाळ्याचं नाव. शेवटचा आकडा मात्र प्रत्येकाचा वेगळा. तो झाला त्या संगणकाचा हजेरी क्रमांक.

तुम्ही म्हणाल, "पण आमच्या घरी पण १९२.१६८ आहे आणि काकांच्या घरी पण!" अगदी बरोबर. हे आकडे घरातल्या घरात वापरण्यासाठीच राखून ठेवलेले आहेत. प्रत्येक इमारतीत 'खोली नंबर ३' असते, तसंच हे. बाहेरच्या जगाशी बोलताना तुमचा राउटर स्वतःचा वेगळा पत्ता पुढे करतो. चार आकड्यांचे असे पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. ते अपुरे पडू लागले, म्हणून आता आयपी व्ही-सिक्स नावाचे लांबलचक पत्तेही वापरात आले आहेत.

दहा जुळी भावंडं

आता शाळेच्या संगणक कक्षात या. समजा, शाळेला दहा जुने संगणक मिळाले. दहांवर वेगवेगळं लिनक्स चढवत बसायला वेळ कुणाला? मग एका संगणकावर सगळं नीट बसवायचं आणि त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल बाकीच्या नऊंवर उतरवायची. युक्ती चांगली आहे, पण नकलेबरोबर मूळ संगणकाचं नावही जातं. त्याला क्रमांक कायमचा बांधून दिलेला असेल, तर तोही जातो. झाली दहा जुळी भावंडं तयार!

मग गंमत सुरू होते. पहिल्या संगणकावर इंटरनेट छान चालू असतं. दुसरा सुरू केला, की पहिल्याचं बंद पडतं. थोड्या वेळानं पहिल्याचं चालू होतं आणि दुसऱ्याचं जातं. छापायला दिलेली चित्रकलेची पानं छपाईयंत्रापर्यंत पोचतच नाहीत. सर म्हणतात, "केबल खराब दिसते." नवी केबल येते. तरी तेच!

असं का होतं? प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातच एक वेगळा बारा अक्षर-अंकी क्रमांक कोरलेला असतो. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. राउटर जाळ्यात हाक मारतो, "१९२.१६८.१.१० कोण?" आता दोघं उत्तर देतात, "मी! मी!" ज्याचं उत्तर राउटरनं शेवटी ऐकलं, त्याच्याकडे सगळी पत्रं जातात. दुसरा बिचारा वाट बघत बसतो.

याची खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. ज्या संगणकाचा संशय आहे, त्याची केबल काढा आणि वाय-फायही बंद करा. आता दुसऱ्या संगणकावरून त्याच क्रमांकाला हाक मारा. कुणीच 'ओ' दिली नाही, तर ठीक. पण केबल काढलेली असूनही उत्तर आलं, तर समजा की त्या क्रमांकावर आणखी कुणीतरी बसलंय!

चपलांचा बिल्ला

मग क्रमांक वाटायचे कसे? दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत हातानं वाटायची. पहिल्याला ११, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १३. यात वही ठेवावी लागते आणि कुठला आकडा कुणाला दिला ते नीट लिहावं लागतं.

दुसरी पद्धत देवळाबाहेरच्या चपलांच्या दुकानासारखी. चपला ठेवल्या, की आपल्याला एक बिल्ला मिळतो. दर्शन झालं, बिल्ला परत केला, की तोच बिल्ला दुसऱ्याला जातो. कुठला बिल्ला कुणाकडे आहे ते दुकानदाराला माहीत असतं, म्हणून घोटाळा होत नाही. नेटवर्कमध्ये हे काम डीएचसीपी नावाची व्यवस्था करते. बहुतेक राउटरमध्ये ती असतेच. संगणक सुरू झाला, की तो विचारतो, "मला क्रमांक मिळेल का?" राउटर ठराविक मुदतीसाठी एक क्रमांक देतो.

घोटाळा कधी होतो? कुणीतरी घरीच पुठ्ठ्याचा '१०' नंबरचा बिल्ला कापून आणला तर! दुकानदाराला त्याचा पत्ताच नसतो, आणि तो खरा १० नंबर दुसऱ्या कुणाला देऊन बसतो. एका संगणकाला हातानं दिलेला क्रमांक राउटरच्या वाटपातही असला, तर असंच होतं. म्हणून एकतर सगळ्यांनी राउटरकडूनच क्रमांक घ्यावा, नाहीतर हातानं वाटायचे आकडे राउटरच्या वाटपातून वगळून ठेवावेत.

नक्कल केलेल्या संगणकांत आणखी एक छुपी खोड असते. लिनक्स स्वतःसाठी 'मशीन-आयडी' नावाची एक ओळखखूण एका फाइलीत ठेवतं. नकलेबरोबर तीही जाते. मग लिनक्सच्या काही आवृत्त्यांत बिल्ला मागणारे दोन संगणक राउटरला एकच वाटतात आणि दोघांना एकच क्रमांक मिळतो! अशा वेळी जाणकारांकडून प्रत्येक यंत्रावर ती खूण नव्यानं तयार करून घ्यावी.

खैराटचे हिरवे लॅपटॉप

एकाच कारखान्यातले, एकाच साच्यातले पुष्कळ संगणक एकत्र आले, तर त्यांनी एकमेकांना ओळखायचं कसं? या प्रश्नाचं सुंदर उत्तर आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत येऊन गेलं आहे.

खैराट-धनगरवाडा इथली ही एकशिक्षकी प्राथमिक शाळा. पहिली ते चौथीची जेमतेम वीसेक मुलं. अमेरिकेतल्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या संस्थेचे लॅपटॉप भारतात पहिल्यांदा वापरून पाहिले गेले ते याच शाळेत, २००७ साली. हिरवा-पांढरा रंग, सशाच्या कानांसारखे दोन अँटेना, आणि भर उन्हातही वाचता येईल असा पडदा. नाव होतं एक्स-ओ. आत होतं आपलं लिनक्सच!

एक्स-ओ पहिल्यांदा सुरू केला, की तो मुलाला नाव विचारायचा आणि आवडते रंग निवडायला सांगायचा. मग शेजारच्या लॅपटॉपच्या पडद्यावर ते मूल आपल्या नावानं नि रंगानं दिसायचं. हे झालं माणसांसाठीचं नाव. यंत्राचं होस्टनेम मात्र लॅपटॉप स्वतःच ठरवायचा. 'एक्स-ओ' ही अक्षरं आणि पुढे आपल्या मॅक ॲड्रेसचा शेवटचा भाग. म्हणजे वर्गात दोन आदित्य असले, तरी यंत्रांची नावं वेगळीच राहायची.

आणि क्रमांक? गावात राउटर नसला, तरी हे लॅपटॉप थेट एकमेकांशी बोलू शकत. बिल्ला द्यायला दुकानदारच नाही, मग काय करायचं? लॅपटॉप १६९.२५४ नं सुरू होणारा एक क्रमांक मनानं निवडायचा आणि सगळ्यांना विचारायचा, "हा कुणाचा आहे का?" कुणी बोललं नाही, की तो आपला. कुणी "माझा!" म्हटलं, की दुसरा निवडायचा. किती समजूतदारपणा!

त्या लॅपटॉपांचा जमाना आता सरला. पण त्यांची युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी विचारायचं आणि मगच क्रमांक घ्यायचा.

जवळून लांब

आता प्रत्यक्ष शोध कसा घ्यायचा? पिनकोड आपल्याला लांबून जवळ आणतो. बिघाड शोधताना मात्र जवळून लांब जायचं. आईची चावी हरवली, तर आपण आधी तिची पर्स बघतो. एकदम एसटी स्टँडवर जाऊन शोधत नाही!

लिनक्समध्ये टर्मिनल नावाची काळी खिडकी असते. तिथं इंग्रजी अक्षरांत आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं. हाक मारण्याच्या आज्ञेचं नाव आहे पिंग. पिंग लिहून एक जागा सोडायची आणि ज्याला हाक मारायची त्याचा क्रमांक किंवा नाव लिहायचं. समोरून 'ओ' आली, की पडद्यावर ओळी उमटतात. थांबवायचं असेल, तर कंट्रोल आणि सी ही बटणं एकत्र दाबायची.

पायरी १ : होस्टनेम ही आज्ञा द्या. संगणक आपलं नाव सांगेल. ते वहीत लिहा.

पायरी २ : आयपी लिहून, जागा सोडून, ए हे अक्षर लिहा. संगणकाचे क्रमांक दिसतील. त्यात १२७.०.०.१ असणारच. तो म्हणजे 'मी स्वतः'. प्रत्येक संगणक स्वतःला याच क्रमांकानं ओळखतो. त्याशिवाय दुसरा क्रमांक दिसतो का, ते पाहा. दिसत नसेल, किंवा तो १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरकडून बिल्ला मिळालेला नाही. केबल नीट बसली आहे का, राउटरचे दिवे लागले आहेत का, ते बघा.

पायरी ३ : १२७.०.०.१ ला पिंग करा. उत्तर आलं, तर संगणकाच्या आतली व्यवस्था ठीक आहे.

पायरी ४ : राउटरला पिंग करा. त्याचा क्रमांक बरेचदा १९२.१६८.१.१ असतो, पण प्रत्येक ठिकाणी तोच असेल असं नाही. सरांना विचारून घ्या. उत्तर आलं नाही, तर घोटाळा खोलीतच आहे.

पायरी ५ : बाहेरच्या क्रमांकाला पिंग करा. गूगल कंपनीचा ८.८.८.८ हा क्रमांक लक्षात ठेवायला सोपा आहे. राउटर बोलतो, पण हा बोलत नाही, तर बहुधा बाहेरून येणारं इंटरनेटच बंद असतं.

पायरी ६ : आता क्रमांकाऐवजी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करा. क्रमांकाला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर रस्ता ठीक आहे. फक्त नावावरून क्रमांक शोधून देणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस, तिची जुळणी चुकली आहे.

पाहिलंत? सहा पायऱ्यांत चोर कुठल्या खोलीत लपलाय ते कळलं, आणि एक पैसाही खर्च झाला नाही.

नाव बदललं, पण रेशनकार्डावर?

इंटरनेटच्या बालपणी, म्हणजे अर्पानेटच्या काळात, डीएनएस नव्हतं. जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची नावं आणि क्रमांक एकाच यादीत लिहिलेले असत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ही यादी सांभाळायचा. संगणक वाढत गेले, यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. त्या जुन्या यादीची छोटी वारसदार आजही प्रत्येक लिनक्स संगणकात आहे. ती म्हणजे 'होस्ट्स' नावाची फाइल.

इथंच एक नेहमीची अडचण येते. संगणकाचं नाव 'होस्टनेम' नावाच्या फाइलीत असतं. लिनक्सच्या पुष्कळ आवृत्त्यांत तेच नाव 'होस्ट्स' फाइलीतही १२७.०.१.१ या क्रमांकासमोर लिहिलेलं असतं. आपण पहिल्या फाइलीत नवं नाव घातलं आणि दुसरीत जुनंच ठेवलं, तर काय होईल? शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं, अशी गत! संगणक स्वतःचंच नाव शोधत बसतो. सुडो ही, म्हणजे मुख्य अधिकार वापरण्याची आज्ञा दिली, की 'या नावाचा यजमान सापडत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ पडद्यावर येते. उपाय सोपा आहे. दोन्ही फाइलींत एकच नाव, अगदी अक्षर न् अक्षर सारखं लिहायचं आणि संगणक पुन्हा सुरू करायचा.

मात्र मुलांनो, या फाइलींना हात लावायचा तो सर किंवा बाई शेजारी असतानाच. आणि बदल करण्याआधी जुनी ओळ वहीत उतरवून घ्यायची. काही चुकलं, तर परत येण्याचा रस्ता हवा ना?

बारसं करू या!

नाव ठेवण्याचे नियमही आहेत. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली छोटी आडवी रेघ एवढंच चालतं. रिकामी जागा चालत नाही. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. नाव ६३ अक्षरांपेक्षा मोठं नको, आणि ते लहान असलं तर उत्तमच. एका जाळ्यात एक नाव एकदाच.

पनवेलच्या मुलांना नावांचा काय तोटा! कर्नाळा, प्रबळगड, माणिकगड हे किल्ले आहेत. गाढी आणि पाताळगंगा या नद्या आहेत. संगणकावर नावाची चिठ्ठी चिकटवा. एका वहीत रकाने आखा : नाव, क्रमांक, मॅक ॲड्रेस, जागा, तारीख. झालं संगणकांचं हजेरीपत्रक! कर्नाळा रुसला, की तो कुठल्या बाकावर आहे आणि त्याचा क्रमांक काय, ते वही सांगेल.

पालकांनाही एक विनंती. घरच्या लॅपटॉपला मुलाचं पूर्ण नाव किंवा फोन नंबर हे होस्टनेम म्हणून देऊ नका. रेल्वे स्टेशनवर किंवा हॉटेलात सार्वजनिक वाय-फायला जोडलं, की ते नाव परक्यांनाही दिसू शकतं. आणि 'नेट चालत नाही' अशी तक्रार मुलानं केली, तर दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी या सहा पायऱ्या त्याच्याबरोबर बसून करून पाहा.

ओळखा पाहू!

१) ८.८.८.८ उत्तर देतो, पण संकेतस्थळाचं नाव सापडत नाही.
२) 'गाढी' बंद आहे, तरी तिच्या क्रमांकावरून उत्तर येतं.
३) काल 'माणिकगड' असं नवं नाव ठेवलं आणि आज सुडो कुरकुर करतं.

उत्तरं : १) डीएनएसची जुळणी तपासा. २) एक क्रमांक दोघांकडे आहे. ३) होस्ट्स फाइलीत जुनंच नाव राहिलं आहे.

तुमच्या शाळेतल्या संगणकांची नावं काय ठेवलीत, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा. आणि हो, पाकिटावर पिनकोड लिहायला विसरू नका!